हरल्यावर तो कोणावर ओरडतो?

नमस्कार मॅडम,

देवगड तालुक्यात समुद्राला लागून आमची वाडी आहे. मोठा मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीला. मिस्टर ट्रॉलरवर तांडेल आहेत, बोट आणि खलाशी तेच सांभाळतात. जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे सध्या घरीच असतात. पावसात मैदानावर जाता येत नाही म्हणून वाडीतली चार पोरं संध्याकाळी आमच्या पडवीत जमतात, रेंजही तिथेच येते. चौघं मिळून मोबाइलवर फ्री फायर हा बंदुकीचा खेळ खेळतात. आरडाओरडा, हसणं चालतं, त्याचं मला काही वाटत नाही. पण मागच्या आठवड्यात हरल्यावर माझा मुलगा शेजारच्या १२ वर्षांच्या पोरावर केवढ्यांदा ओरडला! "तुझ्यामुळे हरलो, उद्यापासून येव नको." त्या पोराचा मोबाइल जुना आहे, मध्येच अडकतो. तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकलेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. रात्री हा हेडफोन लावून डोंबिवलीच्या, कॉलेजात जाणाऱ्या चुलतभावाबरोबर खेळतो. परवा मी पाणी प्यायला उठले, तर खेळातल्या कुठल्यातरी अनोळखी मुलीला तो जे बोलत होता ते मला लिहवत नाही. आमच्या घरात तसे शब्द कोणी काढत नाही. मिस्टर म्हणतात, मोबाइल विहिरीत टाकतो. सासरे म्हणतात, हा खेळच पोरांना मारामारी शिकवतो. एरवी हा मुलगा शांत आहे. आजोबांची औषधं वेळेवर देतो, धाकट्या बहिणीचा अभ्यास घेतो. मग खेळायला बसला की हा वेगळाच कोणी होतो का? काय करू?

— एक आई

ताई,

मोबाइलच्या खेळांवरून जी पत्रं येतात त्यांत बहुतेक वेळा 'किती तास खेळू द्यावं' एवढंच विचारलेलं असतं. तुम्हाला तासांपेक्षा तो लहान पोरगा यायचा बंद झाला ते लागलं, आणि रात्री कानावर पडलेले शब्द लागले. माझ्या मते बघायचं ते हेच. मुलगा खेळताना माणसांशी कसा वागतो, हे ज्या आईला दिसलं तिला पुढचा रस्ताही दिसतो.

तुमचा मुलगा वेगळाच कोणी होत नाही. औषधं देणारा तोच आहे आणि ओरडणाराही तोच. फरक पडतो तो समोर कोण आहे, त्याचा चेहरा दिसतो का, आणि हरल्याची लाज किती लागली आहे, यावर. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली याची नीट मांडणी केली. पडद्याआड आपलं नाव कोणाला माहीत नसतं, समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसत नाही, उद्या रस्त्यात गाठ पडायची नसते. मग जीभ सैल सुटते. मोठ्यांचीही सुटते, पंधराव्या वर्षी तर फारच.

सासऱ्यांना सांगा की त्यांची काळजी खोटी नाही, पण बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे. २०१९ मध्ये अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४ आणि १५ वर्षांच्या सुमारे हजार मुलामुलींचा अभ्यास केला. मुलं काय खेळतात ते मुलांना विचारलं आणि त्यांचं वागणं कसं आहे ते घरच्यांना. बंदुकीचे खेळ खेळणारी मुलं जास्त आक्रमक असतात, असं त्यात दिसलं नाही. त्याच संशोधकांनी हेही म्हटलं आहे की खेळताना मुलं चिडत नाहीत असं यावरून समजू नये. चिडणं, टोमणे, शिव्या, हे सगळं स्पर्धेच्या खेळात होतंच. तुम्ही ऐकलंत ते तेच. पडद्यावरची बंदूक राहू दे. हरल्यावर तो कोणावर ओरडतो, तिकडे लक्ष द्या.

आता तो खेळ काय आहे ते थोडं समजून घ्या, नाहीतर तुमचं बोलणं त्याला लागणारच नाही. जुना फ्री फायर सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. पोरं आज खेळतात ती बहुधा 'फ्री फायर मॅक्स' ही आवृत्ती. एका बेटावर ५० खेळाडू उतरतात, सुरक्षित जागेचं वर्तुळ लहान लहान होत जातं, शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. दहा-पंधरा मिनिटांत सामना आटोपतो. चार-चार जणांचा संघ असतो, त्याला स्क्वाड म्हणतात. बीजीएमआय या तशाच दुसऱ्या खेळात १०० खेळाडू असतात आणि सामना बराच लांबतो. दोन्हींत एक गोष्ट सारखी: सामना मध्ये थांबवता येत नाही. "जेवायला ये" म्हटल्यावर तो "थांब गे, येतंय" म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी टाळतच असतो असं नाही. तो उठला तर उरलेले तिघं उघडे पडतात. म्हणून हाक सामना सुरू व्हायच्या आधी मारा: "हा एक झाला की पान वाढते." आणि तो एक झाल्यावर मात्र खरोखरच उठायचं.

स्क्वाडमधल्या एखाद्याला गोळ्या लागल्या की तो लगेच मरत नाही. तो 'नॉक' होतो, गुडघ्यांवर रांगायला लागतो. सोबत्याने त्याच्याजवळ जाऊन, बटण दाबून, काही सेकंद थांबलं तर तो पुन्हा उभा राहतो. त्या काही सेकंदांत उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही, त्याच्यावर कोणीही नेम धरू शकतो. पडवीतून "माका उठव मरे, खंय असस!" असं ओरडणं ऐकलं असेल तर ते याचंच. कोण कोणाला उठवायला धावतो आणि कोण रांगणाऱ्याला सोडून लूट गोळा करायला जातो, हे पोरं एकमेकांचं नेमकं ओळखून असतात. तुम्हीही ते बघू शकता. एखाद्या संध्याकाळी चहा घेऊन तिथेच बसा आणि त्याच्या स्क्रीनवर फक्त एवढंच बघा.

त्या १२ वर्षांच्या पोराकडे येते. जुना मोबाइल, त्यात आपल्याकडची रेंज. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'पिंग' नावाचा आकडा असतो. मोबाइलकडून सर्व्हरकडे जाऊन निरोप परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते तो दाखवतो. ५०-६० असेल तर खेळ गुळगुळीत चालतो, २०० च्या वर गेला की समोरचा गोळी झाडून मोकळा झालेला असतो आणि आपला खेळाडू अजून वळतोच आहे. जोराचा पाऊस, गेलेली लाइट, टॉवरची उतरलेली बॅटरी, एकाच टॉवरवर लटकलेली अख्खी वाडी, यातल्या कशालाही त्या पोराचा इलाज नाही. तो नीट खेळत असूनही अडकतो. आणि रँक, म्हणजे जिंकण्या-हरण्यावर ठरणारी खेळातली पायरी, घसरली की चौघांत सगळ्यात लहान, सगळ्यात हलका मोबाइलवाला, उलटून न बोलणारा जो असतो त्याच्यावर सगळं येतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायची सवय अशीच लागते. हे मला फार गंभीर वाटतं, त्या शिव्यांइतकंच. शिव्या निदान आपल्याला ऐकू येतात. शेजारचं पोरगं गुपचूप यायचं बंद झालं हे बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

इथे एक फरक मनात ठेवा. चार मित्र शेजारी बसून एकमेकांना "मेल्या, डोळे खंय ठेवलंस" म्हणतात, ते चालू द्या. ज्याला म्हटलं तोही हसून उलट उत्तर देतो, पुढच्या सामन्यात तोच दुसऱ्याला म्हणतो. हा खेळाचाच भाग आहे, त्यात दरवेळी तोंड घालू नका. जिथे एकच पोरगं रोज ऐकून घेतं, ज्याला उलट बोलता येत नाही, आणि शेवट "येव नको" असा होतो, तिथे मोठ्यांनी उठून जायलाच हवं.

तुमच्या मुलाने स्वतः त्या घरी जावं. तुम्ही सोबत जाऊ नका, त्याच्या आईकडे परस्पर बोलून मिटवूही नका. त्याने जाऊन एवढंच म्हणावं की त्या दिवशी मी चुकीचं बोललो, आज ये. लांबलचक माफी नको, तो पोरगा अवघडेल. आणि तो आल्यावर खेळाचीही थोडी व्यवस्था लावा, नाहीतर दोन दिवसांत पुन्हा तेच. त्याच्या मोबाइलवर ग्राफिक्स 'स्मूथ' वर ठेवले तर खेळ कमी अडकतो. आणि तो सोबत असेल तेव्हा रँकचे सामने नकोत, साधे खेळावेत. रँक पणाला नसली की हरणं अंगाला लागत नाही, चिडायचं कारणच निम्मं होतं. रँकचे सामने बाकी तिघांनी वेगळे खेळावेत. ही वाटणी पोरांना पटते, कारण ती खेळातूनच निघालेली असते.

आता ती रात्र.

२०१५ मध्ये मायकेल कसुमोविच आणि जेफ्री कुझनेकॉफ या दोघांनी 'हेलो ३' या संघाने खेळायच्या नेमबाजीच्या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळात आधी रेकॉर्ड केलेला पुरुषाचा किंवा बाईचा आवाज लावला होता, आणि सोबतचे खेळाडू त्याला काय उत्तर देतात ते टिपलं. बाईच्या आवाजावर घसरणारे खेळाडू जास्त करून कच्चे, खराब खेळत असलेले होते. तेच खेळाडू पुरुषाच्या आवाजापुढे मात्र नमतं घेत होते. ज्यांचा हात चांगला होता ते बाईशी चांगले बोलत होते. हे त्याला जसंच्या तसं सांगा. पंधरा वर्षांच्या मुलाला 'मुलींचा आदर कर' हे वाक्य पाठ असतं आणि ते कानाबाहेरून जातं. 'हरायला लागलेले मुलींवर घसरतात' हे त्याला विसरता येणार नाही.

"तुझ्या बहिणीला कोणी असं बोललं तर?" हे वाक्य मात्र वापरू नका. मला ते कधीच पटलेलं नाही. ती मुलगी कोणाची बहीण असो वा नसो, ती खेळायला आली होती, तिच्या वाटच्या गोळ्या चुकवत होती, तिला सुखाने खेळता यायला हवं होतं. कितीतरी मुली या खेळांत माइक बंदच ठेवून खेळतात, काहीजणी मुलाचं नाव घेऊन खेळतात. तोंड उघडलं की काय ऐकावं लागेल हे त्यांना माहीत असतं. तुमच्या मुलाच्या एका रात्रीच्या बोलण्याने अशी आणखी एक मुलगी गप्प बसली असेल. हे त्याला स्पष्ट शब्दांत कळू द्या. कळवताना त्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

बोलायची वेळ सकाळची ठेवा, दोघंच असताना. रात्री, सगळ्यांसमोर, मोबाइल हातातून हिसकावून काही सांगू नका. काय ऐकलंत ते सांगा, ते शब्द पुन्हा उच्चारायची गरज नाही. मग विचारा, "दादा तेव्हा काय करत होता?" चुलतभाऊ हसत होता का, भर घालत होता का, गप्प होता का, हे महत्त्वाचं आहे. मुलं अनोळखी माणसाला क्वचितच एकटी एकटी शिव्या देतात. ऐकणारा कोणीतरी असतो आणि त्याच्यासाठी ते चाललेलं असतं. कॉलेजात जाणाऱ्या दादाने एकदा "गप रव" म्हटलं असतं तर तो तिथेच थांबला असता. तेव्हा डोंबिवलीला फोन करून जाऊबाईंना किंवा थेट त्या मुलालाच सांगा. तक्रारीच्या सुरात नको. तो मोठा आहे, याच्यावर त्याचा जीव आहे, त्याने खेळताना लक्ष ठेवावं, असं सांगा.

ही दोघांची रात्रीची भेट तोडू नका, असं मी कळकळीने सांगेन. आपल्या वाड्यांमध्ये पोरं उरली आहेत किती? एका घरातले दोघं भाऊ, एक इथे आणि एक मुंबईकडे, गणपतीत आणि मे महिन्यात भेटणार. मधले दहा महिने ते एकमेकांना धरून आहेत ते या अर्ध्या तासामुळे. विहिरीत मोबाइल गेला तर शिव्या जातीलच असं नाही, हा आधार मात्र नक्की जाईल. शिवाय मुलगा दुसऱ्याच्या मोबाइलवर, तुमच्या कानाआड खेळेल.

त्याऐवजी त्या खेळातले अनोळखी कमी करा. स्क्वाड निवडून दोघंच आत गेले की उरलेल्या दोन जागांवर कोणीही येऊन बसतं, पोरं त्यांना 'रँडम' म्हणतात. ती मुलगी तशीच आली असणार. दोघांनी 'ड्युओ' खेळावं, म्हणजे संघात तिसरं कोणी येतच नाही. रँडमबरोबर खेळायचंच असेल तर पडवीत, हेडफोनशिवाय, घरातल्यांच्या कानावर पडेल असं. आणि त्याला त्याचा 'ऑनर स्कोअर' दाखवायला सांगा. सामना अर्धवट सोडणं, गैरवर्तन, यांच्या तक्रारी आल्या की तो आकडा उतरतो, फार उतरला तर रँकचे सामने खेळता येत नाहीत. मार्कशीट बघतो तसा महिन्यातून एकदा बघा. त्याला कोणी घाणेरडं बोललं तर म्यूट कसं करायचं आणि तक्रार कुठे करायची, हेही त्याच्याकडूनच शिकून घ्या. तो बोलणारा आहे तसा ऐकणाराही असणार. त्याला काय काय ऐकावं लागतं हे कदाचित त्याने तुम्हाला कधी सांगितलेलं नाही.

रात्री जेवताना मार्क आणि रँक राहू देत, "आज कोणाला उठवलंस?" असं विचारून बघा. पहिल्यांदा तो चमकेल, की आईला हे कुठून कळलं. मग सांगायला लागेल. कोणी कोणाला सोडून दिलं, कोण परत आला, कोणाला घेऊन जिंकलो. या गोष्टी ज्या घरात बोलल्या जातात तिथलं पोरगं पुढच्या सामन्यात थोडं जपून वागतं, हे मी अनेक मुलांत पाहिलं आहे.

पैशांचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, तरी तुमच्या मोबाइलवर यूपीआय असेल तर पिन त्याला माहीत नसावा. डायमंडसाठी, म्हणजे खेळात वापरायला पैसे देऊन घ्यायच्या नाण्यांसाठी, हळूहळू बरेच पैसे जातात. 'खेळा आणि कमवा' म्हणणारी अॅप ही निराळीच भानगड आहे, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. खेळात ओळख झालेल्या कोणी फोटो, ओटीपी किंवा पासवर्ड मागितला तर त्याने आधी तुमच्याकडे यावं, आणि आल्यावर त्याला ओरडा बसणार नाही हा शब्द आजच द्या. पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन, मुलाला कोणी धमकावत असेल तर चाइल्डलाइन १०९८.

व्यसनाची भीती तुमच्या पत्रात ओळींमधून जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळं मागे पडून खेळच पुढे आलेला असावा लागतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नसावं लागतं, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असावं लागतं. आजोबांची औषधं सांभाळणारा, बहिणीला शिकवणारा मुलगा त्यात बसत नाही. शाळा बुडायला लागली, जेवण-झोप गेली, मोबाइल काढून घेतल्यावर अंगावर धावून आला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, मराठीतून बोलता येतं. दहावीचं वर्ष आहे, रात्री दहाला खेळ बंद, एवढा नियम पुरे. त्याला तो आधीच माहीत असू द्या आणि शनिवारी अर्धा तास सैल सोडा.

राहिले तुमचे यजमान. त्यांचा राग मला समजतो, घरात असे शब्द ऐकून कोणत्याही बापाला संताप येईल. पण या घरात या विषयावर बोलायचा सगळ्यात मोठा अधिकार त्यांचाच आहे. ते तांडेल आहेत. नवा खलाशी पहिल्या फेरीला चुकतो, जाळं अडकतं, खेप वाया जाते, तेव्हा ते त्या पोराला काय म्हणतात आणि पुढच्या खेपेला त्याला घेतात की नाही, हे मुलाला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळू दे. बंदी ३१ जुलैपर्यंत आहे. त्याआधी एका संध्याकाळी त्यांनी पडवीत बसून एक अख्खा सामना बघावा. काही न समजलं तर मुलाला विचारावं, तो हौसेने सांगेल. मग आपली गोष्ट सांगावी. शेजारचा पोरगा तेव्हा तिथे असेल तर मात्र तो घरी जाईपर्यंत थांबावं. त्याच्यादेखत हा विषय निघाला तर तो पुन्हा यायचा नाही.